हिब्रू शास्त्रातली ‘ती’ : नवख्या वाचकासाठी वाट

‘बायबलमधली लपवलेली देवी’ अशा नावाचा एखादा व्हिडिओ पाहून तुम्हाला या विषयाची ओढ लागली असेल, तर आधीच सांगून टाकते : लपवलेलं फारसं काही नाही. अशेरा ही त्या काळची एक देवी; तो शब्द हिब्रू बायबलमध्ये (ख्रिस्ती लोकांच्या जुन्या करारात) चाळीसेक वेळा उघडपणे आलेला आहे. परमेश्वर बाळंतिणीसारखा कण्हतो, हे यशयाच्या पुस्तकात छापलेलं आहे. शहाणपण बाईच्या रूपात वेशीपाशी उभं राहून हाका मारतं, ते नीतिसूत्रांत. अडचण असलीच तर वाचण्याच्या पद्धतीत आहे. या सगळ्या ‘ती’ एकच आहेत असं धरून लोक वाचतात आणि सगळ्याचं कडबोळं करून ठेवतात.

मराठी वाचकाला हा गुंता सोडवणं खरं तर सोपं जावं. वारकरी विठोबाला माऊली म्हणतात. म्हणून काही विठोबा देवी होत नाही आणि शेजारच्या गाभाऱ्यातली रखुमाई त्या माऊलीत विरघळूनही जात नाही. माऊली म्हणणं ही देवाशी बोलण्याची रीत, रखुमाई ही स्वतंत्र देवता. हिब्रू ग्रंथ वाचताना हा भेद सुटू देऊ नका.

एक वही घ्या आणि तिच्यात चार खाती पाडा. पहिल्यात देवाला दिलेल्या आईच्या उपमा. दुसऱ्यात बाईच्या रूपातलं शहाणपण. तिसऱ्यात अशेरा आणि आकाशराणी, म्हणजे लोक खरोखर जिची पूजा करत आणि ग्रंथकर्ते जिच्यावर तुटून पडत अशी देवी. चौथं खातं शेखिनाचं, म्हणजे देवाच्या लोकांमधल्या सान्निध्याचं. ते मात्र शेवटी उघडायचं, कारण ते बायबलच्या नंतरचं आहे. कुठलंही वचन सापडलं की आधी ठरवा, हे कुठल्या खात्यात जातं. ठरत नसेल तर समासात प्रश्नचिन्ह घाला आणि पुढे चला.

आधी हाताशी काय हवं

ज्यू ज्याला तनाख म्हणतात, तोच ग्रंथ ख्रिस्ती लोकांचा जुना करार. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये त्याची ३९ पुस्तकं मोजतात, ज्यू परंपरेत तीच २४ धरतात आणि त्यांचा क्रमही वेगळा असतो. मराठीत बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ सहज मिळतं, फोनवरही वाचता येतं. शक्य झालं तर पंडिता रमाबाईंचं भाषांतरही शोधा. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी सबंध बायबल मराठीत आणलं आणि तिथल्याच बायकांनी त्याची छपाई केली. १९२२ साली रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. आपल्या विषयासाठी ते मुद्दाम चाळावं. एका बाईने थेट मूळ भाषेतून केलेलं संपूर्ण भाषांतर किती भाषांच्या वाट्याला येतं?

मूळ हिब्रू पाहायला सेफारिया हे संकेतस्थळ फुकट आहे. हिब्रू आणि इंग्रजी शेजारी शेजारी दिसतं, शिवाय जुन्या भाष्यकारांच्या टीपाही उघडता येतात. हिब्रू अक्षरं येत नसतील तर बायबल हब वापरा. तिथे प्रत्येक हिब्रू शब्दाला एक क्रमांक असतो, त्याला स्ट्राँगचा क्रमांक म्हणतात. तो दाबला की तोच शब्द आणखी कुठे कुठे आलाय याची यादी मिळते. अशेराचा क्रमांक ८४२, ‘रूआख’चा ७३०७, ‘रहमीम’चा ७३५६. हिब्रूचा गंध नसलेल्या माणसालाही एवढ्यावर बरंच दूर जाता येतं.

एक किरकोळ कटकट आहे, ती माहीत असू द्या. स्तोत्रसंहितेत मराठी बायबल आणि हिब्रू प्रत यांच्या ओळींचे आकडे पुष्कळदा एकाने मागेपुढे होतात. हिब्रूत स्तोत्राचं शीर्षकही ओळ म्हणून मोजतात, त्याचा हा परिणाम. मराठीतलं स्तोत्र २२:९ सेफारियावर २२:१० असेल. वचन सापडत नाही म्हणून गोंधळून जाऊ नका.

लिंग आणि बाईपण

उत्पत्ती १:२ काढा. अंधार, पाणी आणि पाण्यावर देवाचा ‘रूआख’. वारा, श्वास, आत्मा असे तिन्ही अर्थ या शब्दात आहेत आणि हिब्रूत तो बहुतेक वेळा स्त्रीलिंगी चालतो. पुढचं क्रियापदही स्त्रीलिंगी आहे : मेरहेफेत. हाच धातू अनुवाद (बायबलमधलं पाचवं पुस्तक) ३२:११ मध्ये पिल्लांवर पंख हलवणाऱ्या गरुडासाठी आला आहे. मराठीत ‘आत्मा’ पुल्लिंगी, त्यामुळे यातलं काही आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

इथेच बहुतेक नवे वाचक वाहवतात. स्त्रीलिंगी शब्द दिसला की बाई सापडली असं नसतं. आपली खुर्चीसुद्धा स्त्रीलिंगी आहे. रूआख कधी कधी पुल्लिंगीही चालतो आणि देवासाठी येणारी क्रियापदं तर जवळजवळ सगळीकडे पुल्लिंगीच आहेत. म्हणून उत्पत्ती १:२ वहीत टिपा, पण गरुडाच्या उपमेमुळे पहिल्या खात्यात, तेही पेन्सिलीने. त्यापेक्षा १:२७ जड आहे. देवाच्या प्रतिरूपात मनुष्य निर्माण केला, नर आणि नारी अशी ती निर्माण केली. इथे आधार व्याकरणाचा नाही, ग्रंथ सरळ विधान करतो.

आईच्या उपमा : इथे रेंगाळा

यशया ४२:१३ आणि ४२:१४ एकापाठोपाठ वाचा. तेराव्या ओळीत परमेश्वर वीरासारखा आरोळी ठोकत रणात उतरतो. चौदाव्यात तोच म्हणतो, पुष्कळ काळ गप्प राहिलो, आता प्रसूत होणाऱ्या बाईसारखा कण्हेन, धापा टाकेन. योद्धा आणि बाळंतीण, मध्ये एका ओळीचंही अंतर नाही. देवाचं ‘पुरुषी रूप’ आणि ‘स्त्री रूप’ अशी दोन कप्प्यांची मांडणी करणाऱ्यांना ही जागा फार अवघड जाते. मग ४६:३-४ (पोटात असल्यापासून तुम्हाला वागवलं), ४९:१५ (तान्ह्याला आई विसरेल का, ती विसरली तरी मी विसरणार नाही) आणि ६६:१३ (आई समजूत घालते तशी मी घालीन). अनुवाद ३२:१८ मध्ये इस्राएल ज्या खडकापासून जन्मला, ज्या देवाने कळा सोसून त्याला जन्म दिला, त्याला विसरल्याची तक्रार आहे. आणि ही आई नेहमी मायाळूच असते असं समजू नका. होशेय १३:८ मध्ये परमेश्वर पिल्लं हिरावलेल्या अस्वलिणीसारखा झडप घालून छाती फाडतो.

पण या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारी जागा गणना ११. वाळवंटात लोक मांसासाठी रडताहेत, मोशे वैतागलाय. बाराव्या ओळीत तो देवाला सुनावतो : या लोकांना मी गर्भात वागवलं का? मी यांना जन्म दिला का? मग तान्ह्याला उराशी घेऊन जावं तसं यांना घेऊन जा, असं तू मला का म्हणतोस? बोलण्यात उघड टोमणा आहे : ज्याने जन्म दिला त्याने सांभाळावं. आणि तीन ओळींनंतर, पंधराव्यात, मोशे देवाला ‘तू’ म्हणतो तेव्हा हिब्रूत पुरुषाला म्हणायचा ‘अत्ता’ नाही, बाईला म्हणायचा ‘अत्त’ आहे.

सेफारियावर त्या ओळीची राशी या ज्यू पंडिताची टीप उघडा. अकराव्या शतकातल्या या भाष्यकाराला हा शब्द खटकला होताच. तो म्हणतो, देवाने पुढची शिक्षा दाखवली तेव्हा मोशेचं बळ बाईसारखं गळून गेलं, म्हणून तोंडून असा शब्द आला. म्हणजे स्त्रीत्व देवाकडे जाऊ न देता त्याने ते मोशेच्या अशक्तपणाला चिकटवलं! मात्र आपणही घाई करायला नको. हाच ‘अत्त’ अनुवादाच्या पाचव्या अध्यायात लोक मोशेला उद्देशून वापरतात आणि यहेज्केल २८:१४ मध्ये तो सोरच्या राजाशी बोलताना आलाय. पुरुषाला उद्देशूनही हे रूप अधूनमधून चालत असावं. त्यामुळे पंधरावी ओळ पुरावा म्हणून लंगडी आहे, बारावी मात्र भक्कम.

‘रहमीम’ हा शब्दही याच खात्यात. अर्थ दया, करुणा. ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय, दोघांची मूळ अक्षरं एकच. अमेरिकन अभ्यासक फिलिस ट्रिबल यांनी १९७०च्या दशकात हा धागा धरून बरंच लिहिलं आणि तेव्हापासून तो सगळीकडे उद्धृत होतो. यिर्मया ३१:२० मध्ये तो उघड दिसतो : एफ्राइमसाठी माझी आतडी कळवळतात, मी त्याच्यावर दया करीनच करीन. आपल्याकडे हा शब्द मुंबईत एका इमारतीच्या नावात आहे. मशीद बंदरजवळचं शआर हरहमीम, म्हणजे दयेचं द्वार, हे बेने इस्राएल लोकांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) १७९६ सालचं, सॅम्युएल दिवेकरांनी उभारलेलं. अर्थात ‘दया’ म्हणताना प्रत्येक हिब्रू भाषकाच्या मनात गर्भाशय येत असेल असं नव्हे. जिथे आजूबाजूला आई, मूल, पोट असे शब्द आहेत, तिथेच हा संबंध जोडा.

शहाणपणाची बाई

नीतिसूत्रे अध्याय १, ८ आणि ९ एका बैठकीत होतात. हिब्रूत ‘होख्मा’ स्त्रीलिंगी, आणि इथे ती खरोखर बाई म्हणून रंगवली आहे. चव्हाट्यावर उभी राहते, घर बांधते, सात खांब घडवते, जेवणाचं ताट वाढते, दासींना बोलावणं द्यायला धाडते. मराठीत तिला ‘ज्ञान’ केलंय, म्हणजे नपुंसकलिंगी. वाचताना मनातल्या मनात ‘प्रज्ञा’ घाला, चित्र लगेच उभं राहतं.

८:२२-३१ हा गाभा. पृथ्वी नव्हती, सागर नव्हते, तेव्हापासून ती देवाजवळ आहे. तिसाव्या ओळीतल्या ‘आमोन’ या एका शब्दावर जुना वाद आहे : ती देवाशेजारची कुशल कारागीर, की त्याच्यापुढे खेळणारं लाडकं मूल? तुमच्या भाषांतराने काय निवडलंय ते पाहा, दुसरा पर्याय समासात लिहा.

नवव्या अध्यायात मूर्खपणाचीही बाई येते. चौथ्या आणि सोळाव्या ओळीत दोघींचं आमंत्रण जवळजवळ शब्दशः तेच आहे : जो भोळा असेल त्याने इकडे वळावं. या प्रकरणांचा श्रोता तरुण मुलगा आहे, त्याला चांगली बाई आणि वाईट बाई अशा दोन टोकांतून शिकवणूक दिली जातेय. होख्मा सुंदर आहे, पण ती पुरुषांच्या पाठशाळेत घडलेली प्रतिमा असावी असं मला वाटतं. तिला परस्पर देवी करून टाकण्याआधी ध्यानात घ्या, ग्रंथात तिला कुणी नैवेद्य दाखवत नाही.

अशेरा

हिला मात्र दाखवत. आधी तिचं माहेर पाहू. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शम्रा इथे प्राचीन उगारित शहर सापडलं आणि १९२९पासून तिथे मातीच्या पाट्या निघू लागल्या. त्यांत ‘अथिरत’ ही एल या वडीलधाऱ्या देवाची पत्नी आणि देवांची आई आहे. हिब्रू बायबलमध्ये तेच नाव अशेरा होऊन येतं. कधी ती देवी असते, कधी वेदीशेजारी रोवलेला लाकडी खांब किंवा झाड (अनुवाद १६:२१).

१ राजे १५:१३ मध्ये राजमाता माका अशेरेची मूर्ती करवते. २ राजे २१:७ मध्ये मनश्शे राजा अशेरेची मूर्ती थेट यरुशलेमच्या मंदिरात बसवतो. म्हणजे हा गावखेड्यातला चोरून चाललेला प्रकार नव्हता, राजघराण्याचा त्यात हात होता.

आता २ राजे २२ आणि २३ सलग वाचा, आणि बायका कुठे कुठे दिसतात त्यावर खुणा करा. योशीया राजाच्या अठराव्या वर्षी, इ.स.पू. ६२२च्या सुमारास, मंदिराची डागडुजी चालू असताना नियमशास्त्राची गुंडाळी सापडते. ती खरी का, हे विचारायला याजक आणि चिटणीस कुणाकडे जातात? हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे. तिचा नवरा शल्लूम वस्त्रागाराचा रखवालदार. ती परमेश्वराच्या नावाने निर्वाळा देते. पुढच्याच अध्यायात राजा अशेरा मंदिराबाहेर काढतो, किद्रोनच्या ओढ्यापाशी जाळतो, भुकटी करून लोकांच्या कबरींवर टाकतो. आणि मंदिराच्या आवारात ज्या खोल्यांत बायका अशेरेसाठी कापड विणत असत, त्या खोल्या पाडतो (२३:७). एका बाईच्या शब्दाने सुरू झालेल्या सुधारणेत दुसऱ्या बायकांचे माग मोडले. ‘पुरुषांनी देवीला हाकललं’ हे घोषवाक्य या दोन अध्यायांपुढे टिकत नाही.

त्यानंतर यिर्मया ४४. यरुशलेम पडलंय, उरलेसुरले लोक मिसरात (इजिप्तमध्ये) पळालेत. यिर्मया म्हणतो, तुम्ही परक्या देवांना धूप जाळलात म्हणून हे झालं. लोक ऐकून घेत नाहीत. उलट म्हणतात : आकाशराणीला धूप घालत होतो, पेयार्पणं ओतत होतो, तेव्हा पोटभर भाकर होती. ते बंद केलं तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ. आणि बायका वर विचारतात, तिच्या पोळ्या आम्ही केल्या त्या काय नवऱ्यांना न विचारता? सातव्या अध्यायाच्या अठराव्या ओळीत या पोळ्यांची तयारी आहे : पोरं लाकडं गोळा करतात, बाप चूल पेटवतात, बायका कणीक मळतात. सगळं घर कामाला. विरोधकांचं म्हणणं ग्रंथाने इतक्या तपशिलाने जपावं, हे विरळाच. ही आकाशराणी म्हणजे अशेरा, अश्तारोथ की बाबिलोनची इश्तार, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून वहीत तिला अशेरेपासून वेगळी ओळ द्या.

मजकुराबाहेरचा पुरावा दोनच ठिकाणांचा पाहिलात तरी पुरे. सिनाईतल्या कुंतिलेत अजरूद इथे १९७५-७६ मध्ये झेएव मेशेल यांनी उत्खनन केलं. इ.स.पू. ८००च्या आसपासच्या मोठ्या रांजणांवर शाईने आशीर्वाद लिहिलेले निघाले : ‘शोमरोनचा याहवे (इस्राएलच्या देवाचं नाव) आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने. हेब्रोनजवळच्या खिर्बेत एल-कोमच्या थडग्यातही असाच लेख आहे. यावरून ‘देवाची बायको सापडली’ असे मथळे झाले. पण हिब्रूत माणसाच्या किंवा देवतेच्या नावाला ‘त्याची’ हा प्रत्यय सहसा लागत नाही, त्यामुळे इथे देवीपेक्षा तिचा खांब अभिप्रेत असेल असं बरेच जण मानतात. रांजणावरची जोडी म्हणून जे चित्र फिरतं, ते बहुधा बेस या मिसरी देवाचं आहे. याच जागी लिननच्या कापडाचे शंभरेक तुकडेही मिळाले, त्यांची चर्चा तुलनेने कमी होते. यहूदाच्या घराघरांतून मिळालेल्या, दोन्ही हातांनी स्तन धरलेल्या मातीच्या शेकडो लहान बाहुल्याही पाहून ठेवा. त्या अशेराच आहेत असं त्यांच्यावर कुठे लिहिलेलं नाही.

ज्यात अडकू नये

लिलिथ आदामाची पहिली बायको होती, ही गोष्ट बायबलमध्ये नाही. तो शब्द यशया ३४:१४ मध्ये एकदाच, ओसाड जागी वावरणाऱ्या कशाचं तरी नाव म्हणून येतो. बायकोची कथा मध्ययुगातली आहे. ‘एल शद्दाय’ हे देवाचं एक नाव, त्याचा अर्थ ‘स्तनांचा देव’ असं सांगतात, तेही असंच. उत्पत्ती ४९:२५ मध्ये शद्दायच्या जवळच स्तन आणि गर्भ यांचे आशीर्वाद येतात हे खरं, पण शब्दाचा उगम ‘डोंगर’कडेही नेतात. प्रश्नचिन्ह घाला आणि सोडा. आणि अशेरेला पार्वती, शेखिनाला शक्ती अशी भाषांतरं करत बसू नका. ऐकायला छान वाटतं, पण हातात काही लागत नाही.

शेखिना सर्वांत शेवटी

हा शब्द हिब्रू बायबलमध्ये एकदाही नाही. ‘शाखन’ म्हणजे वस्ती करणं या क्रियापदापासून नंतरच्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) तो घडवला. देवाचं लोकांमध्ये राहणं, एवढाच अर्थ. तालमुद या रब्बींच्या ग्रंथात मेगिल्ला २९अ या पानावर म्हटलंय की इस्राएल जिथे जिथे निर्वासित झाला, तिथे तिथे शेखिना त्याच्याबरोबर गेली. तोवर ती ‘सान्निध्य’ आहे, बाई नाही. कन्या, राणी, नवरी ही रूपं तिला मध्ययुगीन कब्बालात, म्हणजे ज्यू गूढवादात मिळतात, सर्वांत जास्त तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकट झालेल्या जोहार या ग्रंथामध्ये.

जोहार थेट उघडू नका, पहिल्याच पानावर दमछाक होते. त्याऐवजी ‘लेखा दोदी’ घ्या. सोळाव्या शतकात सफेद या गावी श्लोमो अल्काबेत्स यांनी रचलेलं हे गीत आजही शुक्रवारी संध्याकाळी सिनेगॉगांत म्हणतात. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, नवरीसारखा येतो आणि शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळून त्याला ‘ये नवरी’ म्हणतात. कब्बालाच्या परंपरेत ती नवरी आणि शेखिना एकच.

हे प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग इथे सिनेगॉग आहेत. आधी फोन करून परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा, कारण सुरक्षा कडक असते. पुरुषांनी डोकं झाकायचं, बायका बहुतेक ठिकाणी वेगळ्या बसतात, अनेकदा माडीवर. सूर्यास्तालाच शब्बाथ लागतो, म्हणून फोटो, रेकॉर्डिंग, वहीत टिपणं घेणं यातलं काही करू नका. लेखा दोदीचे शब्द सेफारियावर अनुवादासह मिळतात, ते घरूनच वाचून जा.